१४ हजार लिटर हिरवं पाणी : एका सोसायटीच्या लिली-तळ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिमेकडची ८४ फ्लॅटची एक सोसायटी. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, तळं मात्र होतं तसंच सांगते. क्लबहाउससमोर बिल्डरने बांधून दिलेलं, काजूच्या आकाराचं सिमेंटचं तळं. लांबी ६ मीटर, जास्तीत जास्त रुंदी ४ मीटर, खोली ७५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १४ हजार लिटर पाणी. आतून पोहण्याच्या तलावाला लावतात तशा फिकट निळ्या टाइल्स. मधोमध कारंजं. पाण्यात लिलीच्या सात कुंड्या (चार गुलाबी, तीन निळ्या), कमळाचे दोन टब, कडेला छत्रीसारख्या पानांचं अंब्रेला पाम. मासे म्हणजे साठेक गोल्डफिश, नऊ कोई आणि डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पी.

पहिली तीन वर्षं तळं छान चाललं. लग्नाआधीचे फोटो काढायला बाहेरचे लोक परवानगी मागायचे, इतकं छान.

माझी पाणवनस्पतींची छोटी नर्सरी आहे. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सेक्रेटरींचा फोन आला. "मॅडम, एकदा बघून जा. नाहीतर कमिटी ते बुजवायला निघालीय."

अडचण

पाणी मटाराच्या सुपासारखं हिरवं होतं. चहाची पांढरी बशी सुतळीला बांधून आत सोडली, तर १२ सेंटिमीटरवरच दिसेनाशी झाली. (ही बशी मी नेहमी पिशवीत ठेवते. "पाणी थोडं सुधारलंय" या वाक्याला काही अर्थ नसतो, "बशी १२ वरून २० वर गेली" याला असतो.) लिलीची पानं पुरीएवढी उरलेली, पिवळट, कडा करपलेल्या, आणि देठांवर काळसर मावा (रस शोषणारी बारीक कीड). फूल एकही नाही. अर्धं तळं जलपर्णीने झाकलेलं, आणि तिच्या फटींतून टिकलीएवढ्या पानांचं डकवीड.

हे कसं झालं, ते चार जणांनी चार तऱ्हांनी सांगितलं. सगळं जुळवल्यावर क्रम असा निघाला. फेब्रुवारीत लिलीच्या कुंड्या बदलल्या. माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) सारख्या प्रमाणात, म्हणजे गच्चीवरच्या बागेला वापरतात तेच मिश्रण. मार्चमध्ये पाणी हिरवं झालं. पाणी शोषून स्वच्छ करते असं ऐकून कोणीतरी नदीकाठावरून चार जलपर्ण्या आणून सोडल्या. एप्रिलच्या सुरुवातीला मावा दिसला. माळीमामांना 'काहीतरी मारा' असं सांगण्यात आलं आणि त्यांनी गुलाबांसाठी ठेवलेलं कीटकनाशक फवारलं. डब्यावर सायपरमेथ्रिन लिहिलेलं मी स्वतः वाचलं. माशांना ते अतिशय विषारी असतं. दुसऱ्या दिवशी वीस-बावीस गोल्डफिश आणि झाडून सगळे गप्पी पोट वर करून तरंगत होते. गप्पी गेले, मग डासांची तक्रार आली आणि 'तळं बुजवा' हा विषय कमिटीत निघाला. ऑगस्टच्या सर्वसाधारण सभेत त्यावर ठराव येणार होता.

सगळ्यात कामाची माहिती दिली ती रात्रपाळीच्या वॉचमनने. "पहाटे पाचला मासे तोंड वर काढून असतात, ऊन आलं की खाली जातात." हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

नेमकं बिघडलं काय होतं

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आणि दुपारी तीन वाजता पाण्याचा सामू (पीएच) मोजला. सकाळी ७.८, दुपारी ९.३. पाणी तेच, दिवस तोच, पण फरक दीडचा. पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ दिवसभर कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे दुपारी सामू चढतो. रात्री तेच शेवाळ प्राणवायू वापरतं, म्हणून पहाटे मासे वर येतात. त्यातून वीज वाचवायला कारंजं रात्री बंद, आणि अर्धं पाणी जलपर्णीने झाकलेलं, म्हणजे हवा लागायला पृष्ठभागही निम्माच. शिवाय माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया चढ्या सामूत आणि उन्हाळ्याच्या गरम पाण्यात जास्त विषारी होतो. फवारणीतून वाचलेल्या माशांना रोज दुपारी हा दुसरा मार बसत होता.

शेवाळाला एवढं खाणं कुठून मिळत होतं? एक कुंडी बाहेर काढून ताडपत्रीवर उपडी केली. आतला गोळा निघाला तो काळा, बुळबुळीत, आणि सडक्या अंड्याचा वास असा की क्लबहाउसमधल्या काकूंनी खिडकी लावून घेतली. पाण्याखाली हवा नसते. शेणखत तिथे कुजत राहतं आणि नत्र-स्फुरद, म्हणजे झाडांचं अन्न, पाण्यात सुटत राहतं. कोकोपीट तर तरंगूनच वर येतं. लिलीचा गड्डा दिसतो थोडाफार आल्यासारखा. अंगठ्याने दाबला तर कडक लागायला हवा, कापला तर आत पांढरट. या कुंडीतला गड्डा अंगठ्याखाली पिकलेल्या केळ्यासारखा दबला. सातपैकी दोन असे कुजलेले निघाले, बाकीचे पाच वाचण्यासारखे होते.

म्हणजे लिली खतामुळे आजारी पडल्या आणि तेच खत शेवाळाला मिळालं. लिलीची पानं आक्रसली तसं ऊन थेट पाण्यात उतरलं आणि शेवाळ आणखी फोफावलं. फिकट टाइल्समुळे उजेड तळापर्यंत परावर्तित होत होता, तो वेगळाच. मावा हा या सगळ्याचा शेवट होता. अशक्त झाडावर तो बसतोच.

पर्याय

बुजवणं हा पर्याय मी हसून उडवला नाही. तळ्याकडे बघणारं कोणी नसेल, तर बुजवलेलं बरं. पण इथे माळीमामा रोज येत होते आणि तळं आवडणारी पंधरा-वीस घरं होती.

मोरचूद (कॉपर सल्फेट) टाका, दोन दिवसांत शेवाळ मरेल, असं कमिटीतल्या एका काकांचं म्हणणं. शेवाळ मरतं हे खरंच. पण मेलेलं शेवाळ कुजताना उरलासुरला प्राणवायू खातं, तांबं माशांना बाधतं, आणि शेवाळाचं खाणं पाण्यातच राहतं. मग पुन्हा मोरचूद. पहाटे आधीच मासे तोंड वर काढत असलेल्या तळ्यात हे करणं म्हणजे उरलेले मासेही घालवणं.

अतिनील दिव्याचा फिल्टर आणि मोठा पंप याचं कोटेशन सोसायटीने आधीच घेतलं होतं, जवळपास चाळीस हजारांचं. तरंगतं शेवाळ त्याने जातं, यात शंका नाही. पण कुजकी कुंडी आत तशीच ठेवून फिल्टर लावणं मला पटेना. लिली त्याने सुधारल्या नसत्या.

चौथा पर्याय पूर्ण तळं उपसून, घासून, नवं पाणी भरण्याचा. पाचवा म्हणजे कुंड्या, माती, माशांचं खाणं एवढंच सुधारून वाट पाहायची. पाचव्यात पैसे कमी आणि धीर जास्त लागतो.

जलपर्णीविषयीही बोलणं झालं. ती पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषते हे खोटं नाही. पण ते पाण्याबाहेर जायचं तर ती दर आठवड्याला उपसून काढावी लागते. उन्हाळ्यात ती दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते, आणि उपसणारं कोणी नसलं की काय होतं ते मुळा-मुठेच्या पुलांवरून सगळ्या पुण्याला दिसतं. शिवाय मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या अशा वनस्पतींच्या मुळांना टोचूनच प्राणवायू घेतात. श्वासासाठी त्या वर येत नाहीत आणि मुळांच्या जंजाळात माशांच्या सहज हाती लागत नाहीत. जलपर्णी काढायची, यावर सगळ्यांचं एकमत झालं. हा एकच विषय पाच मिनिटांत संपला.

पहिला निर्णय, आणि माझी चूक

कमिटीला लगेच दिसणारा बदल हवा होता. मी म्हटलं, चौथा आणि पाचवा पर्याय एकत्र करू. ४ मेला मासे टाक्यांत काढले, तळं कोरडं केलं, टाइल्स तारेच्या ब्रशने घासल्या आणि दोन टँकर ओतले. आठ दिवस तळ नितळ दिसत होता. सेक्रेटरींनी फोटो सगळ्यांना पाठवले. १६ मेला पाणी पुन्हा हिरवं. बशी १८ सेंटिमीटरवर.

असं होणार हे मला कळायला हवं होतं. अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू भिंतींवरच्या त्या बुळबुळीत थरात असतात. तो थर मीच घासून काढला होता. नव्या पाण्यात मासे होते, अमोनिया होता, भरपूर ऊन होतं, आणि ते खाणं घ्यायला लिलीची नुकती फुटलेली पाच-सहा पानं. शेवाळाला मैदान मोकळं. एक तृतीयांश पाणी बदललं असतं आणि भिंती तशाच सोडल्या असत्या, तर हा दुसरा हिरवा बहर आला असता तरी एवढा दाट आला नसता. लगेच फरक दाखवण्याच्या दडपणाखाली मी माझ्याच अनुभवाविरुद्ध वागले.

दुसरा निर्णय

१७ मेला काका कृषी सेवा केंद्रातून मोरचुदाची एक किलोची पिशवी घेऊन तळ्यावर हजर. "मॅडम, तुमचं करून झालं, आता आमचं बघा." त्यांचा राग वाजवी होता. मी तीन आठवडे मागितले, आणि मागताना आधी माझं काय चुकलं ते सांगितलं. बशीचा आकडा दर सोमवारी माळीमामा सूचना फलकावर लिहितील आणि तीन आठवड्यांत तो ३०च्या वर गेला नाही, तर फिल्टर घ्यायचा, असं ठरलं. मोरचूद नाही. पिशवी माळीमामांच्या खोलीत फळीवर गेली. अजून तिथेच आहे.

काय केलं

नवी लागवड तळं उपसलं त्याच दिवशी झाली होती. लिलीला उंच कुंडी नको, पसरट टब हवा, कारण गड्डा आडवा सरकत वाढतो. तळाला भोकं नसलेले १६ इंची टब घेतले. माती म्हणजे शेतातली काळी चिकण, चाळून काडीकचरा काढलेली. शेणखत नाही, कोकोपीट नाही. कुजलेले दोन गड्डे फेकले. बाकीच्यांची मऊ मुळं स्वच्छ सुरीने कापली, गुलाबी लिलीचे गड्डे टबाच्या कडेला तिरपे लावले आणि कोंब मातीच्या वर ठेवला. कोंब पुरला गेला की कुजतोच. वर दोन बोटं जाड धुतलेली खडी, म्हणजे मासे माती उकरत नाहीत. टब विटांवर ठेवले, कोंबावर जेमतेम १५ सेंटिमीटर पाणी येईल असे. पानं मोठी होतील तशा विटा काढत जुलैपर्यंत ते ४० सेंटिमीटर खोल नेले. खत पहिले सहा आठवडे अजिबात नाही. त्यानंतर महिन्यातून एकदा चमचाभर डीएपी (नत्र-स्फुरदाचं दाणेदार रासायनिक खत) कागदाच्या पुडीत बांधून, बोटाने मातीत खोल दाबायचं. दाणे पाण्यात सुटले तर ते शेवाळाचं जेवण.

नऊ कोई एका रहिवाशाच्या ओळखीतल्या मोठ्या शेततळ्यात गेले. यावर भांडण झालं, मुलांनी प्रत्येक कोईला नाव दिलं होतं. पण वाढलेला कोई लिलीची कोवळी पानं खातो, टब उकरतो आणि घाणही फार करतो. माशांचं खाणं दिवसाला तीनदावरून एक दिवसाआड केलं. आजीआजोबा नातवंडांना घेऊन पोळीचे तुकडे टाकायचे, ते थांबवायला पाटी लावली. पाटीने फारसं काही झालं नाही. मग माळीमामांनी मुलांना संध्याकाळी मूठभर दाणे वाटायला सुरुवात केली, मोजून. ते जमलं.

कारंज्यावरून थोडी ओढाताण झाली. लिलीला पानांवर सतत पाणी उडालेलं चालत नाही, आणि लोकांना कारंजं हवं होतं. लिलीची फुलं सकाळी उमलतात आणि दुपार कलली की मिटतात. म्हणून कारंजं एका टोकाला हलवलं, धार बुटकी केली आणि वेळ ठेवली रात्री आठ ते सकाळी सात. संध्याकाळी फेरी मारणाऱ्यांना कारंजं मिळालं, पहाटे माशांना हवा.

१७ मेनंतर एक तात्पुरती गोष्ट केली. लिली नसलेल्या भागावर ५० टक्के सावलीची हिरवी जाळी ताणली. पानांनी द्यायची सावली तोवर जाळीने द्यायची, एवढाच हेतू. दिसायला वाईट दिसत होती.

माव्यासाठी फवारा नाही. कडुलिंबाचं तेलही नाही, ते 'नैसर्गिक' असलं तरी पाण्यावर तवंग धरतं आणि माशांना त्रास होतो. पाइपच्या धारेने मावा पाण्यात पाडायचा आणि मग माशांची मजा बघायची. जुलैत पानांत गोल भोकं दिसू लागली आणि कापलेल्या दोन तुकड्यांची पाकिटं पाण्यावर तरंगताना सापडली. पाकीट उघडलं की आत छोटी अळी, स्वतःच्या घरात बसून प्रवास करणारी. ती हाताने वेचायची. मुलांना हे काम इतकं आवडलं की तिसऱ्या दिवशी वेचायला अळ्याच उरल्या नाहीत.

कमळाबाबतीत मी हार मानली. पश्चिमेच्या इमारतीची सावली दुपारी दीडलाच तळ्यावर येते आणि कमळाला सहा तासांपेक्षा कमी ऊन चालत नाही. तिथे ते तीन वर्षांत एकदाही फुललं नव्हतं, हे विचारल्यावरच कळलं. दोन्ही टब गच्चीवर हलवले.

काढलेली जलपर्णी नाल्यात टाकू दिली नाही. ताडपत्रीवर आठ दिवस वाळवली आणि पार कडक झाल्यावर कंपोस्टच्या खड्ड्यात घातली.

निकाल

फलकावरचे आकडे : २० मे १६, २७ मे २१, ३ जून २८, १० जून ३४. मुदत ७ जूनची होती. त्या दिवशी मी गुपचूप मोजलं होतं तेव्हा ३१ होतं. एवढ्यावर मी जिंकले. जूनअखेर बशी ५५ सेंटिमीटरवर दिसू लागली आणि लिलीच्या पानांनी अर्ध्याहून थोडं जास्त पाणी झाकलं. तेवढंच हवं होतं. त्याच आठवड्यात पहिलं गुलाबी फूल आलं. जाळी काढली.

पण हे सगळं श्रेय आमचं नाही. जूनच्या मध्यावर ढग आले, पाऊस आला, पाणी निवलं, ऊन कमी झालं. यात लिलीचा वाटा किती आणि पावसाचा किती, हे सांगता येणार नाही. हेच काम मार्चमध्ये केलं असतं तर तीन आठवड्यांची मुदत मी पाळू शकले नसते, असं मला वाटतं.

डासांचा शोध मात्र वेगळीकडे लागला. पन्नासेक नवे गप्पी सोडल्यावरही तक्रारी थांबल्या नाहीत. जुलैत महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले, तेव्हा डेंगीच्या डासांच्या अळ्या तळ्यात नाही, क्लबहाउसच्या बंद पडलेल्या कूलरमध्ये आणि कुंड्यांखालच्या बशांत सापडल्या. एडिस डासाला असं साचलेलं थोडंसं पाणीच आवडतं. बुजवण्याचा ठराव सभेत आलाच नाही. एकूण खर्च, टँकर धरून, पंधरा हजारांच्या आत.

गच्चीवरचं कमळ ऑगस्टमध्ये फुललं. ते बघायला लोक लिफ्टने वर जातात आणि तळ्याकडे पाहतही नाहीत, अशी सेक्रेटरींची तक्रार आहे.

पुन्हा करायचं झालं तर

तळं पूर्ण उपसणार नाही, हे वर आलंच. कुजक्या कुंड्या एकेक करून बदलेन आणि पाणी दर आठवड्याला थोडं थोडं. कोई हलवण्याचा विषय मुलांसमोर आधी मांडेन. पुढच्या मार्चमध्ये पाणी पुन्हा दोन आठवडे हिरवट झालं, कारण थंडीत लिलीची पानं कमी होतात आणि ऊन त्यांच्या आधी परततं. हे दर वर्षी होणार. फेब्रुवारीअखेर जाळी पुन्हा लावायला मी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही.

आणि पहिल्या दिवशी सेक्रेटरींच्या केबिनमध्ये चहा घेत बसण्याआधी माळीमामांशी बोलेन. कोकोपीट तरंगून आल्याचं त्यांनी फेब्रुवारीतच पाहिलं होतं. "मी म्हटलं पण, ताई, ते म्हणाले नर्सरीवाल्याने असंच सांगितलंय." मिश्रण त्यांचं नव्हतंच. आठ महिने सगळे त्यांना दोष देत होते, पहिल्या भेटीत मीसुद्धा.

आता लिलीचे गड्डे तेच विभागतात. या वर्षी उरलेला एक गुलाबी गड्डा त्यांनी गावी नेऊन गोठ्याजवळच्या दगडी डोणीत लावला. परवा मोबाइलवर फोटो पाठवला. पान चांगलं ताटाएवढं, कळीही आलेली. खाली त्यांचा प्रश्न होता, "ताई, म्हैस पाणी प्यायला आली की पानं खाते. काय करू?"

यावर माझ्याकडे अजून उपाय नाही.